जळगावची क्रूझर, केप टाउनचा रस्ता: माणसं नेमकी किती न्यायची?

राम राम मंडळी. चोपडा-शिरपूर रस्त्यावर क्रूझर जीपमध्ये चौदा जण बसतात आणि पोहोचतातही. तीच क्रूझर जहाजाने केनियाच्या मोम्बासा बंदरात उतरवून दक्षिण आफ्रिकेतल्या केप टाउनपर्यंत न्यायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो माणसं किती. आमचं उत्तर आधीच सांगतो: सहा. आठ जणांचा हट्ट असेल तर दोन गाड्या करा. का, ते आता आकड्यांत बघू.

[पडद्यावर नकाशा]

रस्ता असा. मोम्बासा, नैरोबी, नमांगाची सीमा, मग टांझानियातलं अरुशा, डोडोमा, इरिंगा, म्बेया. मग टुंडुमाला झांबियात शिरायचं, लुसाका, लिव्हिंगस्टन, काझुंगुलाच्या पुलावरून बोत्सवाना, माउन, तिथून नामिबियाचं विंडहुक आणि शेवटी केप टाउन. साधारण साडेसहा हजार किलोमीटर. या सगळ्या देशांत गाड्या डाव्या बाजूनेच चालतात, त्यामुळे आपलं उजवीकडचं स्टिअरिंग अडचणीचं नाही. दिवसाला ३०० किलोमीटर धरले तर गाडी चालवायचेच बावीस दिवस होतात. सीमा, विश्रांती, दुरुस्ती आणि जंगलं बघणं धरून दीड महिना ठेवा. अंधारात गाडी चालवायची नाही. बोत्सवानात काझुंगुला ते नाटा या पट्ट्यात हत्ती रस्त्यावर येतात, आणि रात्री काळ्या डांबरावर राखाडी हत्ती दिसतच नाही.

आता वजन. आरसी काढा. त्यावर रिकाम्या गाडीचं वजन असतं आणि भरलेल्या गाडीची मर्यादा असते. दोन्हींतला फरक म्हणजे तुमची खरी ऐपत. आठ माणसं, सरासरी ७० किलो: ५६० किलो. प्रत्येकी १२ किलोची बॅग: ९६. माणशी रोज पाच लिटर पाणी, दोन दिवसांचा साठा: ८० किलो. दोन कॅन मिळून ४० लिटर जादा डिझेल: ३३. तंबू आणि झोपायच्या पिशव्या ३६, स्वयंपाकाचं सामान आणि शिधा ६०, हत्यारं आणि स्पेअर ५०, दुसरी स्टेपनी २५, छतावरचं कॅरियर ४०. बेरीज ९८० किलो. सहाच माणसं नेली तर हाच हिशेब पावणेआठशेच्या आसपास येतो. हे दोनशे किलोच पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, वाचवतात किंवा मोडतात.

कागदावरच्या हिशेबावर थांबू नका. निघण्याआधी माणसं, पाणी, डिझेल सगळं भरून गाडी जिनिंगच्या वजनकाट्यावर न्या. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा लिहा, मग पूर्ण गाडी. दोन्हींची वजाबाकी केली की मागच्या एक्सलवर किती बोजा पडतो ते कळतं. बहुतेक गाड्यांत घोळ तिथेच निघतो, कारण स्टेपनी, पाणी, सिलेंडर, शिधा सगळं मागच्या दारापाशी कोंबलेलं असतं. पाण्याचे कॅन मधल्या सीटच्या पायाशी घ्या. कॅरियरवर फक्त तंबू आणि गाद्या ठेवा. वर जड सामान चढवलं की वळणावर गाडी झुकते आणि कॅरियरचे नट सैल होतात.

मुरमाच्या रस्त्यावर पत्र्यासारख्या वळ्या पडलेल्या असतात. तासन् तास तो खडखडाट चालतो आणि शॉकॲबसॉर्बर तापून निकामी होतात. मग सगळा मार पाट्यांवर येतो आणि आधी पाटे एकत्र धरणारा सेंटर बोल्ट तुटतो किंवा मुख्य पाटा. म्हणून एक मुख्य पाटा, दोन सेंटर बोल्ट, पाटे एक्सलला आवळणाऱ्या यू-बोल्टचा एक जोड आणि शॅकलचे (पाट्याच्या टोकाच्या कडीचे) बुश सोबत हवेतच. मुरमावर उतरताना टायरची हवा पंधरा-वीस टक्के कमी करा, वेग आवरा आणि डांबर लागलं की पुन्हा भरा. कमी हवेवर डांबरावर पळवलं तर टायर तापून फुटतो. बारा व्होल्टचा पंप त्यासाठीच घ्यायचा. जॅकखाली ठेवायला फळीचा तुकडाही घ्या, नाहीतर वाळूत गाडीऐवजी जॅकच खाली जाईल.

गाडी निवडताना आमचं मत स्पष्ट आहे: जुन्या धूर-नियमांची बीएस-४ घ्या. नव्या नियमांच्या बीएस-६ ला १० पीपीएम (दहा लाखांत दहा भाग) गंधकाचं डिझेल लागतं. पूर्व आफ्रिकेत मानक ५० पीपीएमचं आहे आणि आडगावच्या पंपावर काय मिळेल याचा भरवसा नाही. धुराचा फिल्टर चोंदला की गाडी ताकद सोडते, आणि ते दुरुस्त करणारा स्कॅनर गावच्या मिस्त्रीकडे नसतो. पांढऱ्या पाटीची, खाजगी नोंदणीचीच गाडी न्या. खर्च वाटून घेणं वेगळं आणि भाडं घेणं वेगळं. भाडं घेतलं की प्रवासी वाहतुकीचे परवाने मागे लागतात.

कागदांत सर्वांत मोठा कागद म्हणजे कार्ने, गाडीचा पासपोर्ट म्हणा. तो मुंबईच्या वेस्टर्न इंडिया ऑटोमोबाईल असोसिएशनकडून मिळतो, मुदत एक वर्ष, आणि गाडीच्या किमतीच्या हिशेबाने हमी ठेवावी लागते. देशात शिरताना एक शिक्का, निघताना दुसरा. निघतानाचा राहिला तर गाडी तिथेच विकली असं धरून तुमच्याकडे जकात मागतात. इथे एक गोम आहे. बोत्सवाना, नामिबिया आणि दक्षिण आफ्रिका एकाच जकात संघात आहेत. त्यामुळे शिक्का काझुंगुलाला आत येताना आणि शेवटी केप टाउनला बाहेर पडताना. मधल्या सीमांवर पासपोर्ट दाखवायचा, कार्ने पुढे करायचा नाही.

विम्यासाठी कोमेसाचं (पूर्व आणि दक्षिण आफ्रिकेतल्या देशांच्या व्यापारसंघाचं) यलो कार्ड केनियाच्या विम्यासोबत काढलं की टांझानिया आणि झांबियात तृतीयपक्ष विमा चालतो. बोत्सवानापासून पुढे ते चालत नाही.

माणसांचे कागद माणसागणिक वाढतात. सहापैकी किमान तिघांकडे आरटीओचा आंतरराष्ट्रीय परवाना हवा. दक्षिण आफ्रिकेचा व्हिसा इथूनच काढून न्या. पिवळ्या तापाची लस सरकारमान्य केंद्रावर, निघण्याच्या किमान दहा दिवस आधी. साठीच्या पुढच्यांनी आधी डॉक्टरांना विचारा. मलेरियाच्या गोळ्याही डॉक्टरांकडूनच ठरवून घ्या.

रोख डॉलर एका प्रवासाला माणशी ३,००० पर्यंतच नेता येतात. कोऱ्या, नव्या नोटा मागा. फाटकी किंवा जुन्या छपाईची नोट तिथे कोणी घेत नाही. भिशीसारखा एक सामाईक डबा करा आणि खजिनदार एकच ठेवा. कागदांची फाईल मात्र दुसऱ्याकडे द्या. सीमेवर सगळे खिडकीशी गेले तरी गाडीत एक जण बसलेला हवा.

हंगाम जून ते ऑक्टोबर. मार्च ते मे केनिया-टांझानियात मोठा पाऊस, नोव्हेंबरपासून झांबियात. म्हणजे नेमकी आपल्या कपाशीच्या दिवसांशी गाठ. शेतकरी मंडळींनी गाडी मे महिन्यात जहाजावर चढवावी, पेरणी उरकून जुलैत विमानाने गाठावी आणि वेचणीआधी परतावं. मात्र भुसावळच्या उन्हाच्या सवयीने स्वेटर घरी ठेवू नका. जुलैत माउनच्या पुढे रात्री पारा शून्याजवळ येतो.

जेवणाचं म्हणाल तर कळण्याचं पीठ आणि पापड न्या, तूर-मसाले नैरोबी, अरुशा, लुसाकाच्या गुजराती दुकानांत मिळतात. आपला गॅस सिलेंडर नेता येत नाही. बर्नरसकट छोटा सिलेंडर तिथेच घ्या. प्लास्टिकच्या कॅरीबॅग काढून टाका. केनियात २०१७ पासून, टांझानियात २०१९ पासून बंदी आहे. कापडी पिशव्या शिवून घ्या.

शेवटी परतीचं. कंटेनरचं दार जेमतेम सव्वादोन मीटर उंच असतं, म्हणून कॅरियर आधी उतरवा, टाकीत थोडंच डिझेल ठेवा, बॅटरीची तार काढा. दार बंद होण्याआधी कार्नेवर निघण्याचा शिक्का पडला का ते डोळ्यांनी बघा. आणि पिवळ्या तापाचं कार्ड हातातल्या बॅगेत असू द्या. ते कंटेनरमध्ये गेलं तर मुंबई विमानतळावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.