दिवा मालवला, पण डोळा लागेना

रात्रीचे अकरा वाजून गेलेत. दिवा मालवलाय, मोबाइलही बाजूला ठेवलाय. तरी पंधरा वर्षांचा हा मुलगा नुसता कूस बदलतोय. सकाळी साडेसहाला त्याला हलवून उठवावं लागेल आणि घरातलं कोणीतरी म्हणेलच, ‘आळशी झालाय नुसता!’

आळसाचा इथे फारसा संबंध नाही. अंधार पडू लागला की मेंदूतली पिनियल ग्रंथी मेलाटोनिन हे संप्रेरक स्रवू लागते. रात्र झाल्याची वर्दी शरीराला त्यातून मिळते. वयात येताना ही वर्दीच उशिरा येते, तासाभराने, कधी दोन तासांनी. शिवाय दिवसभर जागं राहून डोळ्यांवर येणारी पेंगही या वयात सावकाश चढते. अमेरिकेतल्या ब्राउन विद्यापीठातल्या मेरी कार्सकॅडन यांनी वर्षानुवर्षं किशोरवयीन मुलांच्या झोपेचा अभ्यास करून हा बदल दाखवून दिला. म्हणून साडेनऊला ‘झोप बघू आता’ असं दरडावून काही होत नाही. शरीरच तयार नसतं.

झोपेची गरज मात्र तशीच मोठी असते. 13 ते 18 वयात 8 ते 10 तास, 6 ते 12 वयात 9 ते 12 तास, असं अमेरिकन अकॅडमी ऑफ स्लीप मेडिसिन सांगते. बाराला डोळा लागून साडेसहाला उठणाऱ्याच्या वाट्याला किती येते, ते मोजून पाहा.

मग शाळाच उशिरा भरवली तर? सिॲटल शहराने 2016 मध्ये माध्यमिक शाळांची वेळ 7.50 वरून 8.45 केली. मुलं तेवढीच उशिरा झोपतील, अशी शंका कोणालाही येईल. प्रत्यक्षात शाळेच्या दिवसांतली त्यांची झोप सुमारे 34 मिनिटांनी वाढली.

शाळेची वेळ आईवडिलांच्या हातात नसते. सकाळचा उजेड असतो. उठल्या उठल्या पडदे उघडा, मुलाला जरा बाहेर पाठवा. त्या उजेडाने शरीराचं घड्याळ पुढच्या रात्रीसाठी थोडं अलीकडे सरकतं. रात्री उलट करायचं: झोपण्याआधी तासभर दिवे मंद, आणि फोन खोलीबाहेर. मोठ्यांचेही. नाहीतर हा नियम दोन दिवससुद्धा टिकत नाही. संध्याकाळची कॉफी, एनर्जी ड्रिंक टाळलेलं बरं, कारण पाचेक तासांनंतरही त्यातलं निम्मं कॅफीन अंगात असू शकतं. सुट्टीच्या दिवशी तास-दीड तास जास्त झोपू द्या, पण दुपारपर्यंत नको. घड्याळ पुन्हा मागे पडतं आणि सोमवारची सकाळ सगळ्या घराला जड जाते.

लहान मुलांचं तंत्र वेगळं. झोप अपुरी पडली की ती पेंगत नाहीत, उलट चिडचिड करतात, घरभर धावत सुटतात. त्यांना दात घासणं, गोष्ट, अंथरूण हा रोजचा ठरलेला क्रम पुरतो.

एक गोष्ट मात्र घरच्या उपायांवर सोडू नये. मूल रोज रात्री मोठ्याने घोरत असेल, झोपेत श्वास अडखळत असेल, तर डॉक्टरांना दाखवा. बऱ्याचदा कारण वाढलेल्या टॉन्सिल्समध्ये असतं आणि त्यावर उपचार होतात.