गंजलेला रंधा

(दृश्य : पुणे, जुना बाजार. ताडपत्रीवर पाने, पकडी, कानशी, मोडक्या करवती.)

बुधवारी आणि रविवारी जुन्या बाजारात मिक्सरच्या भांड्यांशेजारीच हत्यारांचा ढीग लागतो. हौसेनं सुतारकाम करणारी मंडळी उकिडवी बसून तो उपसतात. बहुतेकांना हवा असतो लोखंडी रंधा.

आपल्या सुताराचा रंधा लाकडी, पातं पाचरीनं आवळलेलं. ते खालीवर करायचं तर हातोडीचा हात बसलेला हवा. अमेरिकेत लिओनार्ड बेलीनं पात्यामागे एक पितळी चाक दिलं. चाक फिरवलं की पातं केसभर पुढे, केसभर मागे. त्याची पेटंट 1869 मध्ये स्टॅन्ले कंपनीनं घेतली, आणि आजही बहुतेक लोखंडी रंधे याच घडणीचे असतात.

(दृश्य : ब्रशनं धूळ झटकली जाते, ओतीव अक्षरं दिसू लागतात.)

काही स्टॅन्ले रंध्यांवर वय लिहिलेलंच असतं. मुठीच्या पुढ्यात मार्च 1902, ऑगस्ट 1902 आणि एप्रिल 1910 अशा पेटंटच्या तीन तारखा दिसल्या, तर तो साधारण पहिल्या महायुद्धाच्या आसपासचा.

घेताना गंजाला भिऊ नका, तड्याला भ्या. अंग बिडाचं असतं आणि बीड ठिसूळ. रंधा हातातून पडला की तळाला जिथून पातं बाहेर येतं, त्या फटीपाशी तडा जातो. तो दिसला, तर विकणारा भावात कितीही खाली येवो, आपण उठायचं.

(दृश्य : गच्चीवर प्लास्टिकची बादली. पाण्यातून बारीक बुडबुडे.)

गंज काढायला घासायची गरज नाही. रंधा सुटा करा, लाकडी मूठ बाजूला ठेवा. पाण्यात लिटरमागे चमचाभर धुण्याचा सोडा. बॅटरी चार्जरची ऋण तार रंध्याला, धन तार भंगारातल्या लोखंडी पट्टीला. तारा उलट लागल्या तर पट्टीऐवजी रंधाच झिजेल! पट्टी स्टेनलेस स्टीलची मात्र नको, तिच्यातून विषारी क्रोमियम पाण्यात उतरतं. बुडबुड्यांत हायड्रोजन असतो, म्हणून हे काम उघड्यावरच करायचं. आतला जुना काळा रंगही बहुधा सुटतो. जाऊ दे, तो पुन्हा देता येतो. बाहेर काढल्याबरोबर धुऊन, कोरडं करून तेलाचा हात फिरवा, नाहीतर बघता बघता नारिंगी छटा चढते.

(दृश्य : जाड काचेवर पॉलिश पेपर. रंध्याच्या तळावर पेन्सिलीच्या आडव्या रेघा.)

आता तळ. पातं आत ओढून, पण जागेवर नीट आवळूनच घासायचं, कारण आवळल्यावर बीडही किंचित वाकतं. रेघा जिथे राहतात तिथे खळगा. टाच, टोक आणि फटीची पुढची कड एका पातळीत आली की थांबा. मधे कुठे रेघ उरली तरी लाकडाला काही फरक पडत नाही. आरशासारखा तळ फोटोत छान दिसतो, एवढंच.

(दृश्य : पात्याची धार, अगदी जवळून. कोपऱ्यात निळा डाग.)

हा निळा डाग पाहा. कुणीतरी ग्राइंडरवर घाई केली, पोलाद तापलं आणि पात्याचं पाणी, म्हणजे कडकपणा, उतरलं. तेवढ्या भागात धार टिकणार नाही; डाग जाईपर्यंत ते निसण्यावर हातानं घासून काढावं लागेल. ग्राइंडर वापरायचाच असेल तर पातं सारखं पाण्यात बुडवत राहा. उताराचा कोन साधारण 25 अंश. आणि पात्याची पाठ विसरू नका: ती धारेलगत सपाट नसेल तर पुढून केलेली सगळी मेहनत वाया.

पात्यावर आवळलेली जी दुसरी लोखंडी पट्टी असते, ती धारेपासून अर्धा मिलिमीटर मागे ठेवा. लाकूड उलट्या रेषेवर उचकटत असेल तर आणखी थोडी पुढे घ्या. ढलप्या फटीत अडकू लागल्या तर पट्टीसकट पातं काढून उजेडात धरा: पट्टी आणि पातं यांच्यामधून उजेड दिसला, तर पट्टीची कडही घासायची राहिली आहे.