डाळ शिजत नाही म्हणजे पाणी वाईट का?

हा गिझरचा कॉइल बघा. पाथर्डी फाट्याजवळच्या एका सोसायटीतला आहे, दोन वर्षंच वापरलाय, आणि त्यावर पांढरा थर किती चढलाय बघा. नखाने खरवडला की चुन्यासारखा भुगा पडतो. ती चुनखडीच आहे, कॅल्शियम कार्बोनेट.

आली कुठून? आपल्या पायाखालून. नाशिकचा सगळा काळा पाषाण म्हणजे बेसाल्ट, पावसाचं पाणी जमिनीत मुरताना मातीतला कार्बन डायऑक्साइड घेतं, किंचित आंबट होतं आणि मग वर्षानुवर्षं खडकातला कॅल्शियम न् मॅग्नेशियम विरघळवत बसतं, तेच बोअरमधून वर येतं. नळाला येणारं गंगापूर धरणाचं पाणी मुख्यतः पावसाचं वाहून आलेलं, खडकात तेवढं मुरलेलं नसतं, म्हणून ते मऊ.

दोन बाटल्या घेतल्यात, एकीत नळाचं पाणी, दुसरीत बोअरचं. दोन्हीत सारखाच साबणाचा किस टाकून हलवलं. नळाच्या पाण्याला फेस आला, बोअरच्यात नासलेल्या दुधासारख्या गुठळ्या, कारण साबण कॅल्शियमला जाऊन चिकटला. शाळेत याला दुष्फेन पाणी म्हणायचे, घरी आपण जड पाणी म्हणतो.

आई तर डाळीवरूनच पाणी ओळखते. बोअरच्या पाण्यात तूरडाळ चार शिट्ट्या झाल्या तरी दाणा न् दाणा वेगळा! डाळीतलं पेक्टिन, म्हणजे दाणा धरून ठेवणारा चिकट पदार्थ, त्याला पाण्यातला कॅल्शियम घट्ट बांधून ठेवतो म्हणून ती गळत नाही, चिमूटभर खायचा सोडा टाकला की ती पकड सुटते.

निफाड, दिंडोरीकडे द्राक्षवाल्यांना हा चुना चांगलाच माहितीय, ड्रिपरच्या बारीक तोंडात बसतो आणि वेलीला पाणी मिळत नाही, म्हणून ड्रिपमधून अ‍ॅसिड सोडतात. घरच्या किटलीला लिंबाचा रसही चालतो, फसफसतं ना, तो चुन्यातून सुटलेला कार्बन डायऑक्साइड. उकळलं तरी जडपणा थोडा जातो, बायकार्बोनेटचा चुना होऊन तळाशी बसतो. सल्फेट, क्लोराइडचा जडपणा मात्र उकळून जात नाही, त्याला सॉफ्टनर लागतो, त्यातले रेझिनचे मणी कॅल्शियम धरून ठेवतात आणि सोडियम सोडतात.

आता मुद्द्याचं. जड पाणी पिऊन माणूस आजारी पडत नाही! भारतीय मानकात लिटरला 200 मिलिग्रॅमपर्यंत जडपणा चांगला, आणि दुसरी सोयच नसेल तर 600 पर्यंत चालतो. पण फिल्टर विकायला दारात येणारा माणूस टीडीएसचं पेन बुडवतो, आकडा मोठा दाखवतो आणि आपण घाबरतो. ते पेन विरघळलेले क्षार सांगतं, जंतूंबद्दल काहीच सांगत नाही. आमच्याकडे मागच्या पावसाळ्यात टँकरचं पाणी यायचं, काचेसारखं स्वच्छ, पेनवर आकडाही छान, आणि भावाला कावीळ झाली, तीन आठवडे अंथरुणात. डॉक्टरांनी पहिला प्रश्न पाण्याचाच विचारला.

म्हणून सांगतेय, गढूळ पाण्यात तुरटी फिरवा पण तिथे थांबू नका. तुरटीचा जेलीसारखा साका गाळ ओढून खाली नेतो, जंतू मात्र उरतात. ते मारायला क्लोरीन, आणि तोही गाळ बसल्यावर, कारण क्लोरीन गाळातच खर्ची पडतो. टाकल्यावर किमान अर्धा तास थांबायचं. आणि उकळायचं असेल तर खळखळून उकळी फुटल्यावर एक मिनिट तरी.

पाण्यात क्लोरीन उरलाय का हेही बघता येतं. ही ओटी (ऑर्थोटोलिडिन) टेस्टची नळी, सोसायटीच्या टाकीतलं पाणी भरलं, थेंब टाकले. पिवळं व्हायला हवं होतं. झालं नाही. सेक्रेटरी काकांनी तिथूनच फोन लावलाय, टाकी आज रिकामी करून घासायची आहे, शिडी आणायला माणूस गेलाय.