कार्ड भरलं, पण अंगानं ऐकलं का?

(२८ जुलैच्या जागतिक हिपॅटायटिस दिनानिमित्त सोलापुरात, एचआयव्हीसह जगणाऱ्या मंडळींपुढे आणि त्यांच्या घरच्यांपुढे एका निवृत्त डॉक्टरबाईंनी केलेल्या भाषणाचं संपादित शब्दांकन.)

मागच्या रांगेतल्या मावशी मला दारातच म्हणाल्या, "काविळीवर बोलणार म्हणे तुम्ही. आमच्यात माळ घातली की उतरते की ओ!" चला, मग माळेपासूनच सुरू करू. ती माळ रोज थोडी लांबते, छातीवरून पोटावर येते आणि आपण म्हणतो, कावीळ उतरली. खरं म्हणजे ओल्या काड्यांना दोऱ्याच्या गाठी मारलेल्या असतात. काड्या वाळून आक्रसल्या की गाठी सैल पडतात आणि दोरा वाढतो. ठणठणीत माणसाच्या गळ्यात घातली तरी लांबेल. वर पाण्यातून होणारी कावीळ, म्हणजे हिपॅटायटिस ए आणि ई, बहुतेकांची आपसूक बरी होते. श्रेय माळेला.

आज मला बोलायचंय ते हिपॅटायटिस बी बद्दल, यकृतावर बसणाऱ्या विषाणूबद्दल. हा पाण्यातून येत नाही. रक्तातून येतो, शरीरसंबंधातून येतो, आईकडून बाळाला जातो. म्हणजे एचआयव्हीच्याच वाटेनं, फक्त जास्त चिवट. एचआयव्हीपेक्षा पन्नास ते शंभर पट जास्त पसरणारा, आणि शरीराबाहेर वाळक्या रक्ताच्या डागात किमान सात दिवस तग धरणारा. त्यामुळे घरात एकाच रेझरनं दाढी नको, दुसऱ्याचा टूथब्रश नको, नेलकटरही आपापला. गड्ड्याच्या यात्रेत पोरं हौसेनं गोंदवून घेतात, तिथं सुई नवी आहे का ते आधी विचारा. मात्र एका ताटात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी खाल्ल्यानं बी होत नाही. कृपा करून कुणाचं ताट वेगळं काढू नका. आधीच एचआयव्हीनं पुष्कळांची ताटं वेगळी केली आहेत.

दुसरी गंमत, म्हणजे गंमत कसली, पंचाईतच. बी असलेल्या बऱ्याच जणांना कावीळ दिसतच नाही. डोळे पांढरेस्वच्छ, भूक चांगली, आणि यकृत आतून वर्षानुवर्षं कडक होत जातं. धडधाकट मोठ्या माणसाला लागण झाली तर शंभरातले पंच्याण्णव जण तरी त्याला अंगाबाहेर घालवतात. तान्ह्या बाळाला झाली तर उलटं, दहातल्या नऊ बाळांत तो कायमचा मुक्कामाला राहतो. एचआयव्ही असलेल्या मोठ्या माणसातही तो टिकून बसण्याची शक्यता वाढते, आणि एकदा बसला की सिरॉसिस, म्हणजे यकृत कडक होऊन निकामी होणं, आणि यकृताचा कॅन्सर लवकर गाठतो. जगात एचआयव्ही असलेल्या दर शंभर माणसांत साधारण सात जणांच्या अंगात बीही आहे.

म्हणून लशीच्याही आधी तपासणी. कागदावर तीन नावं बघा. एचबीएसएजी पॉझिटिव्ह म्हणजे विषाणू आत्ता अंगात आहे. अँटी-एचबीसी म्हणजे तो कधीतरी येऊन गेला किंवा आहे. अँटी-एचबीएस म्हणजे संरक्षण आहे. पहिली पॉझिटिव्ह असेल तर लशीचा उपयोग नाही, उपचारांकडे वळायचं. आणि इथं एक दिलासा आहे. तुमच्यातले बरेच जण एचआयव्हीसाठी रोज टीएलडीची एक गोळी घेतात. तिच्यातलं टेनोफोव्हिर आणि लॅमिव्हुडिन ही दोन्ही औषधं बी वरही चालतात. एका गोळीत दोन्हींचा बंदोबस्त.

पण त्याच गोळीत एक मेख आहे. माझ्याकडे हैदराबाद रोडला ट्रक चालवणारा एक जण यायचा. (ओळख पटू नये म्हणून चार गोष्टी बदलून सांगते.) त्याला दोन्ही होतं. "बरं वाटतंय, किती दिवस गोळ्या गिळायच्या" म्हणून त्यानं दोन महिने गोळी बंद ठेवली. एचआयव्ही तर वाढलाच, पण त्याला आडवं पाडलं बी नं. दबलेला विषाणू एकदम उसळला, यकृताला सूज आली, डोळे हळदीसारखे. वाचला, पण थोडक्यात. म्हणून ज्यांना दोन्ही आहे त्यांनी गोळी स्वतःहून थांबवायची नाही, आणि कुणीही औषध बदलायला सांगितलं तर विचारायचं, "यात टेनोफोव्हिर आहे का?" दोन महिन्यांतून एकदा घ्यायच्या एचआयव्हीच्या नव्या इंजेक्शनांबद्दल तुम्ही ऐकलं असेल. ती बी ला हातही लावत नाहीत. नुसत्या लॅमिव्हुडिनवर राहिलात तर काही वर्षांत बी त्याला दाद देईनासा होतो.

आता ज्यांची एचबीएसएजी निगेटिव्ह आहे ती मंडळी. तुमच्यासाठी लस आहे.

या लशीचा एक धागा आपल्या शेजारून जातो. बारूक ब्लमबर्ग यांनी हा विषाणू ओळखला आणि त्यांना १९७६ साली नोबेल मिळालं. २८ जुलै हा त्यांचाच जन्मदिवस. १९८६ साली यीस्टमध्ये प्रथिन वाढवून केलेली लस आली, पण महागडी. आपल्याकडे सगळ्यांचा नंबर कुठला लागायला! मग १९९७ साली, इथून जेमतेम तीनशे किलोमीटरवर, हैदराबादच्या शांता बायोटेक्निक्सनं भारतातली पहिली अशी लस काढली. वरप्रसाद रेड्डींनी आईच्या नावानं सुरू केलेली ही कंपनी. भाव कोसळले. देशभर सगळ्या बाळांना सरकारी लसीकरणात ही लस मिळायला मात्र २०११ उजाडलं. म्हणजे आज या सभागृहात बसलेल्या जवळजवळ सगळ्यांना लहानपणी ती मिळालेली नाही. नातवाला मिळाली, आजोबांना नाही.

लशीत विषाणू नसतो, त्याच्या अंगावरच्या कोटाचा फक्त एक तुकडा असतो. त्यामुळे प्रतिकारशक्ती कमी असली तरी लस धोक्याची नाही. सोलापूरकरांना हे समजावणं सोपं आहे. चादरीच्या मागावर जॅकार्डला भोकं पाडलेली पुठ्ठ्याची कार्डं असतात. कार्ड नक्षी दाखवतं, माग विणतो. लस म्हणजे ते कार्ड. "ही नक्षी दिसली की हल्ला करा." पण गिरणीत नुसतं कार्ड लावून भागत नाही, खात्यावर जॉबर, म्हणजे कामगारांना काम नेमून देणारा मुकादम, लागतो. शरीरात तो जॉबर म्हणजे सीडी फोर पेशी. एचआयव्ही नेमका जॉबरलाच कामावरून काढतो. कार्ड आलं, कामगार आहेत, आणि "हे विणा" म्हणणारा गैरहजर. नक्षी उठणार कशी?

एआरटीनं, म्हणजे एचआयव्हीच्या रोजच्या औषधांनी, जॉबर परत येतो, पण सगळ्यांच्यात सारख्या जोमानं नाही. म्हणूनच एचआयव्ही असलेल्यांत नेहमीचे तीन डोस कमी पडतात. फ्रान्समधला एक अभ्यास २०११ साली प्रसिद्ध झाला. नेहमीचे वीस मायक्रोग्रॅमचे तीन डोस दिल्यावर ६५ टक्क्यांत संरक्षण तयार झालं, आणि दुप्पट, म्हणजे चाळीस मायक्रोग्रॅमचे चार डोस दिल्यावर ८२ टक्क्यांत. त्यामुळे डॉक्टर तुम्हाला दुप्पट डोस लिहून देतील तेव्हा "मेडिकलवाल्याशी संगनमत आहे" असं म्हणू नका. (हसू नका, मला तोंडावर म्हणालेत.) अलीकडे एक नवी लस आली आहे, हेप्लिसाव्ह-बी. तिच्यात जॉबरला हाक मारणारा एक पदार्थ घातलेला असतो. आधी कधीच लस न घेतलेल्या एचआयव्हीग्रस्तांच्या छोट्या गटाला तिचे तीन डोस दिल्यावर प्रत्येकात संरक्षण तयार झालं. पण आपल्या दवाखान्यात ती मिळेल असं धरून वाट बघत बसू नका. जी हाताशी आहे ती घ्या. सीडी फोर वाढायची वाट पाहत लस लांबणीवर टाकणंही बरं नाही.

आणि लस दंडात. कमरेत टोचली तर ती चरबीत अडकते, काम कमी करते. हे नर्सताईंना माहीत असतंच, पण खाजगीत कुठंही घेतलीत तर दंड पुढे करा.

मला खरं सांगायचंय ते इथून पुढे. विडी वळणारी एक बाई माझ्याकडे यायची. नवरा-बायको दोघांना एचआयव्ही, नवऱ्याला बीही. तिनं तीन डोस वेळच्या वेळी घेतले, एक दिवस इकडचा तिकडे नाही. लशीचं कार्ड प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेलं. मी अँटी-एचबीएस तपासायला सांगितलं तर रागावली. "सगळी कार्डं भरली, आता परत कशाला रक्त काढताय?" रिपोर्ट आला, ४. निदान १० हवं. तीन सुया घेऊन ती जवळजवळ उघडीच होती, आणि घरात बी. कार्ड भरलं होतं, अंगानं ऐकलं नव्हतं. मग चाळीसचे डोस पुन्हा पहिल्यापासून दिले. सहा महिने गेले. पुढचा रिपोर्ट दीडशेच्या वर. त्या दिवशी ती मला म्हणाली, "आता विणलं बघा." नवरा पूर्वी यंत्रमागावर होता, त्यामुळे जॉबरची गोष्ट तिला माझ्यापेक्षा चांगली कळली होती.

निरोगी माणसात लशीनंतर ही तपासणी सहसा करत नाहीत. एचआयव्ही असलेल्यांत करायचीच, शेवटच्या डोसनंतर एक ते दोन महिन्यांत. फार उशिरा केली तर आकडा आपोआप उतरलेला असतो आणि लस लागली नाही की लागून ओसरली, हे कळत नाही.

एक चिठ्ठी आली आहे. "रोज टेनोफोव्हिर चालू आहे, त्यानंच बी पासून बचाव होत असेल तर लस कशाला?" प्रश्न हुशार आहे. टेनोफोव्हिर घेणाऱ्यांत बी ची नवी लागण कमी दिसते, हे खरं. पण गोळीचा बचाव गोळी पोटात जाते तेवढाच. उद्या मूत्रपिंडासाठी औषध बदलावं लागलं किंवा गावी जाताना डबी विसरली, तर?

दुसरी चिठ्ठी एका मुलीची, चौथा महिना. बाई, नवऱ्याचीही तपासणी करून घ्या, आणि तुमची एचबीएसएजी काहीही येवो, बाळाला पहिला डोस चोवीस तासांच्या आत मिळेल एवढं सासूबाईंना आत्ताच सांगून ठेवा. "पाचवी झाल्यावर बघू" चालणार नाही.

ज्यांनी रिपोर्टच्या पिशव्या आणल्यात त्यांनी पुढच्या दोन रांगांत या. चहा येईपर्यंत वीसेक कागद तरी बघून होतील. नावाचा कोपरा दुमडून द्या.