मानेतली गाठ, बधिर हनुवटी आणि प्रोस्टेट

श्रोतेहो, नमस्कार.

प्रोस्टेटचा, म्हणजे पुरुषांच्या मूत्राशयाखालच्या ग्रंथीचा, कर्करोग पसरला की हाडांत जातो, हे आता बऱ्याच घरांत ठाऊक असतं. आज बोलायचंय ते जिथे तो असेल असं कुणाच्या मनातही येत नाही, अशा जागांबद्दल.

डाव्या हासळीच्या हाडामागे गाठ येते. सुपारीएवढी, टणक, न दुखणारी. ओटीपोटातली लसीका, म्हणजे शरीरात झिरपणारा पातळ द्रव, वर चढत शेवटी मानेच्या डाव्या मुळाशी रक्तात मिसळते, त्या वाटेने आजारही तिथे पोचतो. आपल्याकडे मानेत गाठ म्हटलं की आधी टीबी आठवतो. तो तपासावाच. पण गाठीचा तुकडा काढून न तपासता टीबीच्या गोळ्या सुरू करून महिनोन्महिने वाट पाहणं मला अजिबात पटत नाही. काढलेल्या तुकड्यावर पीएसएची, म्हणजे प्रोस्टेटच्या पेशी बनवतात त्या प्रथिनाची, खास तपासणी केली, तर गाठ मूळची प्रोस्टेटची आहे का, हे बहुतेक वेळा कळतं.

दुसरी वाट मणक्यांभोवतीच्या शिरांची. या शिरांना झडपा नसतात, हे अमेरिकेतले शरीररचनातज्ज्ञ ऑस्कर बॅटसन यांनी 1940 साली मांडलं. माणूस खोकला, कुंथला की पोटातला दाब वाढतो आणि ओटीपोटातलं रक्त मणक्यांकडे वळतं, तिथून कवटीपर्यंतही जाऊ शकतं. कवटीच्या तळाशी किंवा डोळ्याच्या खोबणीत गाठ झाली, तर डोळा पुढे येतो, एकाचे दोन दिसतात. जबड्यातली नस दाबली गेली, तर खालचा ओठ आणि हनुवटी एका बाजूने बधिर होते. दाढी करताना ब्लेड लागलेलं कळत नाही, आणि दात दुखत नसूनही माणूस दातांच्या डॉक्टरकडे जातो.

यकृत आणि फुप्फुस त्या मानाने तेवढी दुर्मीळ नाहीत. त्वचा, वृषण फार क्वचित. काहींच्या आजाराची जातच बदलते. मग यकृतात गाठी असूनही रक्तातला पीएसए फारसा वाढत नाही, म्हणून नुसत्या त्या आकड्यावर विसंबू नका.

मूळ ओळखण्याचा एवढा आग्रह का? कारण उपचार त्यावर ठरतात. पुरुषी हार्मोन रोखलं की हा कर्करोग मागे हटतो, हे अमेरिकेतले डॉक्टर चार्ल्स हगिन्स यांनी 1941 मध्ये दाखवलं. 1966 चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. आधी हार्मोनचे उपचार झालेले नसतील, तर मानेतली गाठसुद्धा त्यांनी वितळू शकते.

तेव्हा डोळ्यांच्या, दातांच्या, कुठल्याही डॉक्टरकडे गेलात तरी प्रोस्टेटचा जुना आजार आधी सांगा, मग तो दहा वर्षांपूर्वीचा असो. आणि पायांतली ताकद गेली किंवा लघवी अडली, तर सकाळची वाट न पाहता त्याच रात्री मोठं रुग्णालय गाठा.