‘यांची भूमिका कोणती?’

मंडळी, नमस्कार. आज ५ नोव्हेंबर, मराठी रंगभूमी दिन. १८४३ साली याच दिवशी सांगलीत विष्णुदास भाव्यांनी ‘सीतास्वयंवर’ उभं केलं, हे इंदूरच्या मराठी प्रेक्षकाला सांगायला नको. माझ्यानंतर प्रयोग आहे, मंडळी आत रंगायला बसलीत, तेव्हा मला वेळेचं भान ठेवायचंय. विषय दिलाय दिल्लीच्या संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार आणि आपले रंगकर्मी. त्याकडे येतोच. पण आधी एका माणसाबद्दल बोलू द्या. त्याच्यावाचून मला हा विषय मांडताच येणार नाही.

आमच्या मंडळात एक प्रॉम्प्टर होते, विंगेत उभं राहून नटाला विसरलेला शब्द सुचवणारे. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणायचे. कापडाच्या मिलमध्ये नोकरी. भोंगा झाला की सायकलवर टांग मारून सरळ तालमीला. केसांत कापसाचे तंतू तसेच. तेव्हा या शहरात मिलच्या भोंग्यावर घरं चालायची, आमच्या तालमीही चालायच्या. मामांचं एकूण सामान म्हणजे एक टॉर्च, तिच्या काचेवर पतंगाचा लाल कागद बांधलेला, आणि एक वही. नाटक ते स्वतःच्या हाताने उतरवून काढायचे, पुस्तकावरून कधी प्रॉम्प्ट केलं नाही. वहीच्या समासात प्रत्येक नटाच्या खुणा. ‘इथे श्वास घेतो, सांगू नये.’ ‘इथे हमखास अडतो.’ नट विसरलाय की थांबलाय, हे ओळखणं हीच प्रॉम्प्टरची कला. थांबलेल्या नटाला शब्द दिला तर त्याच्या अभिनयाचा खून होतो, आणि विसरलेल्याला उशिरा दिला तर नाटकाचा. मी विचारलं होतं, मामा, कळतं कसं? म्हणाले, ‘पायांकडे बघ. विसरलेल्याचे पाय आधी हलतात.’

आणखी एक काम त्यांच्याकडे होतं. आपली इंदुरी मराठी तुम्हाला ठाऊक आहे. घरात आपण ‘येऊन राहिलो, करून राहिलो’ म्हणतो, तेच तोंडात बसलेलं. मामा तालमीत वहीतून मान वर न करता म्हणायचे, ‘राहिलो काढ.’ (हशा) हसा, पण इथल्या दोन पिढ्यांचे उच्चार या माणसाने रंगमंचापुरते घासूनपुसून दिले.

एका गणेशोत्सवातली गोष्ट. मी तेरा वर्षांचा, घरगड्याचं काम. पहिल्या अंकात चहा आणून द्यायचा, संपलं. दुसऱ्या अंकात वडील आणि मुलगी यांचं भांडण. वडिलांच्या तोंडी ‘या घरात माझा शब्द चालतो’ हे वाक्य दोनदा होतं, दुसऱ्या अंकात आणि तिसऱ्यातही. त्या रात्री वडिलांनी दुसऱ्यात ते वाक्य म्हटलं आणि पुढचं बोलले तिसऱ्यातलं. मुलीचं काम करणारी बाई अनुभवी, तिनेही तिसऱ्यातलंच उत्तर दिलं. मधला पत्राचा प्रवेश गेला! आणि सगळा तिसरा अंक त्या पत्रावर उभा. आम्ही विंगेत गार. मामांनी वही मिटली. एक शब्द सुचवून भागणार नव्हतं. त्यांनी माझी कॉलर धरली, हातात रिकामा कप दिला, बशीत ते पत्र ठेवलं आणि कानात म्हणाले, ‘आत जा. म्हण, साहेब, सकाळी टपाल आलं होतं, द्यायचं राहून गेलं.’ मी म्हटलं, मामा, हे नाटकात नाहीये. म्हणाले, ‘आता आहे.’ (हशा, टाळ्या)

गेलो. पाय लटपटत होते. वडिलांनी पत्र पाहिलं, त्यांच्या चेहऱ्यावर जीव आला, त्यांनी ते फोडलं आणि नाटक रुळावर आलं. समोरच्या माणसांना कळलंसुद्धा नाही. त्या रात्री वडिलांच्या कामाला बक्षीस मिळालं. मिळायलाच हवं होतं, काम उत्तमच झालं होतं.

पुढे बऱ्याच वर्षांनी एका संस्थेने जुन्या कलावंतांचा सत्कार ठेवला. संस्थेचं नाव घेत नाही. मी मामांचं नाव दिलं. छापील फॉर्म होता, त्यात एक रकाना, ‘गाजलेली भूमिका’. कार्यकर्त्याने मला विचारलं, ‘यांची भूमिका कोणती?’ म्हटलं, प्रॉम्प्टर. त्याने तिथे एक आडवी रेघ मारली. रेघेवाली नावं यादीतून गळली. मामा मात्र आले सत्काराला. शेवटच्या रांगेत बसले, प्रत्येकाला टाळ्या दिल्या. मला मान वर करवेना. बाहेर सायकलचं कुलूप काढताना म्हणाले, ‘सगळे छान बोलले रे. कुणी अडलं नाही.’

त्या रेघेचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

चिठ्ठी आलीय. सात मिनिटं. बरं, भरभर सांगतो.

अकादमी स्थापन झाली १९५२ साली, उद्‌घाटन झालं २८ जानेवारी १९५३ रोजी, राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांच्या हस्ते. १९५५ साली अभिनयासाठी बालगंधर्वांना पुरस्कार मिळाला. पण त्याच्या आदल्याच वर्षी, १९५४ साली, तो अहमदजान थिरकवांना मिळाला होता. थिरकवा म्हणजे बालगंधर्वांच्याच गंधर्व नाटक मंडळीतले तबलजी! रंगमंचासमोर बसून साथ करणारा माणूस मंचावरच्या माणसाच्या आधी. मला याचा फार आनंद आहे. पण मान मिळाला तो वाद्यसंगीताच्या खात्यात. थिरकवा स्वतंत्र वादक म्हणूनही थोर होते, तेव्हा तक्रार नाही. तरी मराठी नाटकाने तो मान आपलाही म्हणून मिरवायला हवा होता.

पुढे विंगेचं दारही उघडलं. १९७४ साली तापस सेन यांना पुरस्कार मिळाला, प्रकाशयोजनेसाठी. कोलकात्यात ‘अंगार’ नाटकात कोळशाच्या खाणीत शिरणारं पाणी या माणसाने निव्वळ प्रकाशातून दाखवलं होतं. १९८६ साली नेपथ्यकार खालेद चौधुरी. आज नाटकाच्या विभागात लेखन, दिग्दर्शन, अभिनय यांच्या जोडीला नाट्यसंलग्न कलांचा स्वतंत्र गट आहे. आणि २०२३ साली तर पंच्याहत्तरी ओलांडूनही राष्ट्रीय मान न मिळालेल्या ८०हून अधिक कलावंतांना अमृत पुरस्कार दिले गेले.

म्हणजे दिल्लीच्या फॉर्मात विंगेसाठी रकाना आहे. आपल्या फॉर्मात नव्हता. अकादमीची परिषद निवड करते ती तिच्यापर्यंत आलेल्या नावांतून. आधीचे मानकरी, संस्था, राज्यांच्या अकादम्या नावं सुचवतात. जे नाव आपण गल्लीतच रेघ मारून पुसलं, ते तिथवर जाणार कसं? आपण तर दुहेरी अडचणीत आहोत. नाटक मराठी, राहणं मध्य प्रदेशात. महाराष्ट्राला आपण लांबचे, भोपाळला परभाषेचे. आपली नावं आपणच लिहिली नाहीत तर दुसरं कोण लिहिणार? आपल्या इंदूरच्या नाट्यभारती संस्थेचे बाबा डिके, राहुल बारपुते आपल्या तोंडी आहेत, असायलाच हवेत. त्यांच्या प्रयोगांना पडदा कोण ओढत होतं, तोंडाला रंग कोण लावत होतं, वही घेऊन कोण उभं होतं? या सभागृहात ऐंशीच्या पुढची निदान पाच-सहा माणसं मला इथून दिसताहेत. त्यांना आजच विचारा. मंडळांनी एक रजिस्टर घाला. तारीख, नाटक, आणि पात्रांच्या खाली बाकी सगळे, नाव-आडनावासकट. मामांचं नाव मी पहिल्या पानावर लिहून देतो.

आजच्या प्रयोगाला विंगेत एक मुलगी उभी आहे. मघाशी आत गेलो होतो तेव्हा पाहिलं, मोबाइलच्या दिव्यावर तिने लाल कागद लावलाय. प्रयोग संपल्यावर तिला भेटल्याशिवाय घरी जाऊ नका.

द्या, तिसरी घंटा द्या.