जन्मतारीख, बूट आणि वयात येणं

अध्यक्ष महोदय, वाचनालयाचे पदाधिकारी आणि जमलेले सगळे पालक,

पत्रिकेवर ‘वयात येताना शरीरात काय घडतं’ असा विषय छापलाय. विषय खरा डॉक्टरांचा. पण मूल डॉक्टरांकडे जातं ते आजारी पडल्यावर. पी.टी.च्या मास्तरासमोर ते पाचवीपासून दहावीपर्यंत रोज अर्ध्या चड्डीत उभं असतं. म्हणून मैदानावर जे बघितलं ते आधी सांगतो आणि शेवटची वीस मिनिटं हार्मोन्सना ठेवतो.

आधी एक विचारतो. शाळेच्या दाखल्यावर ज्यांची जन्मतारीख १ जून आहे, त्यांनी हात वर करा. बघा, बघा! लाजू नका, माझीही १ जूनच आहे. आयांना आठवायचं की पाऊस लागला होता, बैल विकला होता. हेडमास्तरांना हवी होती तारीख. त्यांनी टाकली १ जून आणि महाराष्ट्राच्या आख्ख्या पिढीला मृगाच्या आठवडाभर आधी जन्माला घातलं.

हसा, पण याच तारखेवर पोरांचे संघ ठरतात. शालेय स्पर्धांत गट तीन: १४ वर्षांखालचे, १७ खालचे, १९ खालचे. माझं भांडण तिथंच आहे. दाखला अगदी खरा असला तरी शरीर कुठवर आलंय ते त्यावरून कळत नाही. वयात यायची सुरुवात मुलींमध्ये ८ ते १३ या वयात कधीही होते, मुलांमध्ये ९ ते १४ या वयात. म्हणजे एकाच आठवड्यात जन्मलेली १३ वर्षांची दोन मुलं घ्या. एकाचं शरीर ११ वर्षांच्या मुलाचं, दुसऱ्याचं १५ वर्षांच्या मुलाचं असू शकतं, आणि दोघंही ठणठणीत. आपण त्यांना एका रेघेवर उभं करतो, शिट्टी मारतो आणि पहिला आला त्याला ‘गुणी’ म्हणतो.

आमच्याकडे आठवीच्या वर्गात अशी जोडी होती. एकाला पोरं ‘पैलवान’ म्हणायची, दुसऱ्याला ‘काडी’. पैलवानाला मिसरूड फुटलेलं, आवाज घोगरा, दंड भरलेले. गोळा त्याच्या हातात दिला की बाकीची पोरं टाळ्या वाजवायलाच उरायची. काडीला बघून वाटायचं, वारा आला तर याला कुणीतरी धरायला हवं. पण खो-खोत खांबावर वळताना त्याचा पाय असा पडायचा की मी शिट्टी वाजवायची विसरायचो.

निवड चाचणीला एक गृहस्थ आले होते. काडीच्या खांद्याला दोन बोटं लावून म्हणाले, “मास्तर, हाडापेरानं भरलेली पोरं द्या.” मी म्हटलं, साहेब, खांदे सोडा, याचे बूट बघा. जूनमध्ये वडलांनी एक नंबर मोठे घेतलेले पांढरे कॅनव्हासचे बूट. ऑक्टोबरातच उजव्या बुटाच्या शिवणीतून अंगठा बाहेर आलेला, डाव्याची टाच चुरगाळून त्याची चप्पल केलेली. साहेब हसले. मी हसण्यासाठी सांगत नव्हतो. मूल वाढीला लागलं की आधी तळवे आणि हात वाढतात, मग पाय लांबतात, धड सगळ्यात शेवटी. म्हणून या वयाची पोरं नुसती ढेंगं दिसतात, उभ्या उभ्या अडखळतात आणि घरातले ताट-वाटीला धक्का लागला की ओरडतात. वर्षात दोनदा बूट बदलावे लागले, तर उंची दारात येऊन उभी आहे असं समजा. (हे मी आयांना सांगतो तेव्हा त्यांना उंचीचा आनंद होतो; वडील बुटांची किंमत विचारतात.)

पैलवान निवडला गेला, काडी गळला. पुढचं ऐका. पैलवानाची वाढ लवकर सुरू झाली होती, ती लवकर थांबली. दहावीत वर्गातल्या बाकीच्यांनी त्याला गाठलं. पोरगा मेहनती होता, पण दोन वर्षं नुसत्या ताकदीवर जिंकत होता, त्यामुळे तंत्र शिकायची गरजच त्याला पडली नाही. गरज पडली तेव्हा त्याने गोळा खाली ठेवला. आणि काडी? तो मैदानावर परत आलाच नाही. आज माझ्यापेक्षा वीतभर उंच आहे, एस.टी.त कंडक्टर आहे, मला तिकीट देताना खाली वाकतो. एका चाचणीत आपण दोन खेळाडू घालवले, तेही नियमाला धरून.

कुणी म्हणेल, आता शास्त्र पुढे गेलंय. गेलंय की! क्रिकेट मंडळ १६ वर्षांखालच्या मुलांच्या डाव्या मनगटाचा एक्स-रे काढून हाडांचं वय बघतं. त्या पद्धतीला टीडब्ल्यू-३ म्हणतात; त्यातला टी म्हणजे टॅनर, मुलांच्या वाढीवर आयुष्य घालवलेले इंग्रज डॉक्टर. फिफाने २००९ पासून १७ वर्षांखालच्या विश्वचषकात मनगटाचा एमआरआय सुरू केला. पण हे सगळं वय चोरणारे पकडायला. मागे राहिलेल्या काडीला टिकवून धरायला नव्हे. शिवाय प्रामाणिक पोरगा लवकर वाढलेला असला तर एक्स-रे त्यालाही मोठा ठरवतो. चोरी न करता चोर!

मुलींचं गणित वेगळं. सहावीच्या वर्गाची उंचीप्रमाणे रांग करा, शेवटी बहुतेक मुलीच उभ्या राहतात. मुली झपाट्याने वाढतात त्या सुरुवातीलाच, मुलांच्या साधारण दोन वर्षं आधी. आणि आपण मुलगी ‘मोठी झाली’ असं कधी म्हणतो? पाळी आली की. तोवर निम्म्याहून जास्त प्रवास झालेला असतो! सुरुवात बहुतेक वेळा छातीपासून होते. एका बाजूला गाठ लागते, दुखते, कधी दुसरी बाजू काही महिने मागे राहते. तिथून पाळी यायला सरासरी दोन-अडीच वर्षं. पाळी आल्यावर उंची साधारण पाच-सात सेंटीमीटरच उरते. आणि आया त्यानंतर माझ्याकडे यायच्या: “सर, आता उंचीसाठी हिला बारला लोंबकळायला सांगू का?” लोंबकळू दे, दंड मजबूत होतील.

त्या दोन-अडीच वर्षांत मुलीशी कुणीच बोललेलं नसतं. मैदानावर ते लगेच दिसतं. कालपर्यंत ढाण्या वाघासारखी पळणारी पोरगी खांदे पुढे काढून, हाताची घडी घालून उभी राहते. “सर, पोटात दुखतंय.” आठवीत खो-खोचा मुलींचा संघ अर्धा रिकामा. आमच्या तिथे मुलींच्या स्वच्छतागृहाला आतून कडीच नव्हती. अर्ज दिले, ते फिरत राहिले. शेवटी शिवणाच्या बाईंनी बाजारातून कडी आणली आणि शिपायाकडून ठोकून घेतली. त्याच बाईंनी आयांना बोलावून पळताना आत घालायचे घट्ट, मापाचे कपडे कोणते, पॅड किती वेळाने बदलायचं, हे दार लावून सांगितलं. त्या वर्षी सात मुली मैदानावर परत आल्या. सरावाचं वेळापत्रक तेच होतं, मास्तरही तोच.

सचिव घड्याळ दाखवताहेत. पाच मिनिटं? बरं. मग हार्मोन्स एका दमात.

सुरुवात मेंदूत. हायपोथॅलॅमस नावाचा छोटा भाग जीएनआरएच हे संप्रेरक, म्हणजे हार्मोन, ठरावीक अंतराने, झटक्याझटक्याने सोडायला लागतो. सुरुवातीला मुख्यतः रात्री, झोपेत. त्यावर मेंदूच्या तळाची पीयूषिका ग्रंथी एलएच आणि एफएसएच ही दोन संप्रेरकं सोडते. ती मुलींच्या अंडाशयाला जागं करतात, तिथून इस्ट्रोजेन. मुलांच्या वृषणांना जागं करतात, तिथून टेस्टोस्टेरॉन. जांघेतले-काखेतले केस, घामाचा वास, तेलकट कातडी यांत मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथींचाही हात असतो, म्हणून केस आले म्हणजे सगळं सुरू झालं असं नाही. मुलांमध्ये पहिली खूण मिशी नव्हेच, ती फार उशिरा. पहिली खूण म्हणजे वृषण मोठे होणं. ते कुणाला दिसत नाही, म्हणून मुलग्यांशी कुणी बोलतही नाही. ते मोजायला झुरिकच्या प्राडर नावाच्या डॉक्टरांनी लहान-मोठ्या मण्यांची माळ केली. जपाची नव्हे! मग लिंग वाढतं, मग उंची सुसाट, वर्षाला आठ-दहा सेंटीमीटर, स्वरयंत्र मोठं होऊन आवाज बदलतो. झोपेत वीर्य बाहेर पडतं. तो आजार नाही, त्यावर भिंतीवरच्या जाहिरातीतलं औषध नको.

आणि हे ऐका, मला फार आवडतं. हाडांच्या टोकांशी वाढीची कूर्चा, म्हणजे मऊ हाड, असते. ती बंद झाली की उंची थांबते. ती बंद करतं कोण? इस्ट्रोजेन. मुलग्यांमध्येसुद्धा! १९९४ साली अमेरिकी डॉक्टरांनी एका माणसाची हकीकत छापली: वय २८, उंची २०४ सेंटीमीटर, अजून वाढतोय. टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित, पण शरीराला इस्ट्रोजेनचा संदेशच पोचत नव्हता.

डॉक्टरकडे कधी जायचं, लिहून घ्या. मुलीत ८ च्या आधी, मुलात ९ च्या आधी खुणा दिसल्या तर. मुलीची छाती १३ पर्यंत, मुलाचे वृषण १४ पर्यंत वाढायला लागले नाहीत तर. पाळी १५ पर्यंत आली नाही तर. पहिली एक-दोन वर्षं पाळी मागेपुढे होते, तेवढ्याने घाबरू नका. फार रक्त जात असेल तर मात्र थांबू नका. गुडघ्याच्या वाटीखाली टेंगूळ येऊन दुखत असेल तर पळणं-उड्या कमी करा. उंचीच्या पावडरी घेऊ नका, त्या पैशात अंडी आणि बूट घ्या.

चिठ्ठ्या बऱ्याच आल्यात, एकच घेतो. “१३ वर्षांच्या मुलाच्या छातीत एका बाजूला गाठ आहे, दुखते. कॅन्सर असेल का?” नाव नाही लिहिलं, ठीक आहे. या वयात साधारण निम्म्या मुलग्यांना अशी गाठ येते. इस्ट्रोजेन आणि टेस्टोस्टेरॉन यांचं प्रमाण तात्पुरतं बदलतं, त्यातून होतं ते. बहुतेकांची काही महिन्यांत, फार तर दोनेक वर्षांत आपोआप जिरते. भराभर वाढली किंवा स्तनाग्रातून काही आलं तर डॉक्टरांना दाखवा. रोज दाबून बघू नका, त्यानेच दुखतं. आणि सरांना सांगून त्याला मैदानावर शर्ट घालून खेळू द्या, पोरं चिडवतात.